मंगळाचे बाह्यांबर आणि मंगळयानाचे ‘मेन्का’

रायगड जिल्ह्यातील पाली येथे अंबा नदी आणि सरसगड यांच्या मधोमध बल्लाळेश्वराचे देऊळ आहे. देवळामागचा हा गड सुमारे ४९० मीटर उंच. वायुदाबमापक घेऊन कोणी गड चढला, तर माथ्यावर पोहोचेपर्यंत हवेचा दाब साधारण ५ टक्क्यांनी उतरलेला दिसेल. चढणाऱ्याला दम लागतो तो पायऱ्यांमुळे, हवेमुळे नव्हे. एवढी घट शरीराला जाणवतही नाही. पण मोजणी अशीच पुढे चालू ठेवली, तर पालीच्या डोक्यावर सुमारे ३५ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. मंगळाच्या जमिनीवर उभे राहिल्यास सुमारे तेवढाच दाब मिळेल. म्हणजे आपल्याकडे जिथे फक्त संशोधनाचे फुगे पोहोचतात, तिथली विरळ हवा ही मंगळाची ‘जमिनीवरची’ हवा आहे.

हा लेख त्याहूनही विरळ थराबद्दल आहे. मंगळाच्या पृष्ठभागापासून साधारण २०० किलोमीटर उंचीवर त्याचे वातावरण जिथे जवळजवळ संपते आणि अवकाश सुरू होते, त्या थराला बाह्यांबर म्हणतात. भारताच्या मंगळयानावर या थराची तपासणी करण्यासाठी ‘मेन्का’ नावाचे एक छोटे उपकरण होते. मंगळयानाची चर्चा बहुतेक वेळा ४५० कोटी रुपये खर्च आणि पहिल्याच प्रयत्नातले यश या दोन मुद्द्यांवर थांबते. यानाने तिथे जाऊन मोजले काय, हे त्या मानाने कमी लोकांना माहीत आहे.

बाह्यांबर म्हणजे काय?

आपल्या आजूबाजूच्या हवेत एक रेणू दुसऱ्यावर आदळल्याशिवाय मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढेही अंतर जाऊ शकत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये माणूस जसा पुढे सरकतो, तशी ही अवस्था. उंची वाढते तशी गर्दी विरळ होते आणि दोन धडकांमधले अंतर वाढत जाते. एका विशिष्ट उंचीला हे अंतर दहा-पंधरा किलोमीटर होते. तिथून वर निघालेला अणू कशालाही न धडकता सरळ प्रवास करतो. वेग कमी असेल तर तो फेकलेल्या चेंडूसारखा वळून खाली येतो. वेग पुरेसा असेल तर ग्रह सोडून कायमचा निघून जातो. ही सीमा म्हणजे बाह्यांबराचा तळ.

ग्रहाची हवा अवकाशात निसटते ती याच दारातून. म्हणून हा थर मोजण्याला महत्त्व आहे. मंगळावर कोरड्या नद्यांची पात्रे आहेत, पाण्यात बसलेला गाळ आहे, पाण्यातच तयार होणारी खनिजे आहेत. अब्जावधी वर्षांपूर्वी तिथे वाहते पाणी होते आणि ते टिकण्याइतकी जाड हवाही होती. ती हवा गेली कुठे? काही भाग जमिनीत आणि ध्रुवांवर अडकला, काही अवकाशात गेला. किती गेला हे सांगायचे, तर आज दारातून किती जात आहे आणि का जात आहे, हे आधी कळायला हवे.

मंगळाचा मुक्तिवेग सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर आहे, पृथ्वीचा ११.२. बाह्यांबराच्या तापमानाला हायड्रोजनचे अणू सरासरी दोन किलोमीटरच्या वेगाने फिरतात आणि त्यांतले मोजके चपळ अणू पाचचा उंबरठा ओलांडतात. ऑक्सिजनचा अणू सोळापट जड. त्याचा वेग अर्ध्या किलोमीटरच्या घरात राहतो; निव्वळ उष्णतेच्या जोरावर तो सुटणे जवळपास अशक्य. तरीही ऑक्सिजन सुटतो. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे ऑक्सिजनच्या रेणूवर विद्युत्भार येतो, पुढे तो इलेक्ट्रॉनशी जुळताना फुटतो, आणि फुटताना निघालेली ऊर्जा दोन्ही अणूंना मुक्तिवेगापेक्षा जास्त गती देऊ शकते. त्यामुळे बाह्यांबरात ऑक्सिजन किती आहे, कोणत्या उंचीवर आहे आणि तिथे तापमान काय आहे, हे आकडे हवा निसटण्याच्या हिशेबात थेट येतात.

थुंब्यापासून मंगळापर्यंत

‘मेन्का’ हे मंगळाच्या बाह्यांबरातील विद्युत्भाररहित घटकांचा शोध घेणाऱ्या उपकरणाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप आहे. ते तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अवकाश केंद्राच्या अवकाश भौतिकी प्रयोगशाळेने तयार केले. या जागेचा वातावरणाच्या वरच्या थरांशी असलेला संबंध जुना आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिले रॉकेट सुटले, तेव्हा त्यात सोडियमची वाफ भरलेली होती. संध्याकाळच्या आकाशात उंचावर सोडलेल्या त्या वाफेचा नारिंगी ढग कसा वाहतो हे पाहून वरच्या वाऱ्यांचा अंदाज घेतला गेला. पुढे या केंद्राचे संचालकपद पुण्याच्या दोन शास्त्रज्ञांनी सांभाळले, वसंत गोवारीकर आणि प्रमोद काळे.

मेन्काचा थेट पूर्वज मात्र चंद्रावर आदळला. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चांद्रयान-१ पासून सुटलेला, तिरंगा रंगवलेला आघात-शोधक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ कोसळला. सुमारे २५ मिनिटांच्या त्या पडण्याच्या प्रवासात त्याच्यावरचे ‘चेस’ हे उपकरण चंद्राभोवतीच्या नाममात्र वायूची नोंद घेत होते, आणि त्याला पाण्याच्या रेणूच्या वस्तुमानाची खूण दिसली. त्याच घडणीचे, त्याच प्रयोगशाळेचे पुढचे उपकरण मंगळाकडे निघाले.

प्रक्षेपण झाले ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून, पीएसएलव्ही-सी२५ या रॉकेटने. या रॉकेटचा बराचसा भाग महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. त्याच्या दुसऱ्या टप्प्यातले ‘विकास’ इंजिन विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनते, आणि पीएसएलव्हीच्या घन इंधनाच्या मोटारींची पोलादी कवचे इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला घडवली जात आली आहेत. जेथे पूर्वी साखर कारखान्यांची यंत्रे बनत, तेथेच.

पीएसएलव्ही भरवशाचे, पण लहान रॉकेट. यानाला एका झेपेत मंगळाच्या वाटेवर टाकण्याची ताकद त्यात नव्हती. म्हणून यानाने पृथ्वीभोवती फिरत फिरत, दर वेळी इंजिन थोडे चालवून कक्षा लांबवली आणि १ डिसेंबर २०१३ रोजी पृथ्वीचा निरोप घेतला. सुटताना १,३३७ किलो वजन होते. त्यात ८५२ किलो नुसते इंधन. पाच वैज्ञानिक उपकरणांना मिळून पंधरा किलोंच्या आत जागा मिळाली, आणि मेन्काच्या वाट्याला त्यातले साडेतीन किलो आले.

मंगळाजवळ पोहोचल्यावर मुख्य इंजिन पुन्हा चालू होणे आवश्यक होते. ते सुमारे तीनशे दिवस निजलेले होते. २२ सप्टेंबर २०१४ रोजी ते चार सेकंद चालवून पाहिले गेले. २४ सप्टेंबरच्या सकाळी ते सुमारे २४ मिनिटे चालले आणि यान मंगळाच्या कक्षेत शिरले. इंजिन चालले नसते, तर यान मंगळाला ओलांडून सूर्याभोवती फिरत राहिले असते आणि मेन्काला मोजायला काहीच उरले नसते.

तीन दिवसांत तेरा मिनिटे

जी कक्षा मिळाली ती फार लांबट होती. मंगळाच्या जवळ आल्यावर ४२१ किलोमीटर, दूर गेल्यावर जवळजवळ ७७,००० किलोमीटर. एका फेरीला सुमारे तीन दिवस. यामागे वैज्ञानिक निवड कमी आणि इंधनाचा हिशेब जास्त होता. लांबट कक्षेत शिरायला ब्रेक कमी लावावा लागतो, गोल कक्षेत जास्त. आणि तेवढे इंधन नव्हतेच. या कक्षेचा कॅमेऱ्याला फायदा झाला. मंगळाचा पूर्ण गोल एका चित्रात टिपता आला. मेन्काची मात्र अडचण झाली. बाह्यांबराचा तळ २०० किलोमीटरवर, आणि यान ४२१ च्या खाली उतरेना.

सूर्याच्या आणि इतर खेचाखेचीने कक्षा हळूहळू बदलत असते. डिसेंबर २०१४ मध्ये यानाचा मंगळाला सर्वांत जवळचा बिंदू २६२ किलोमीटरपर्यंत खाली आला. हीच मेन्काची संधी होती. यान त्या वेळी सेकंदाला पावणेपाच किलोमीटर वेगाने जात होते. ५०० किलोमीटरच्या खाली शिरून पुन्हा वर निघेपर्यंत जेमतेम तेरा मिनिटे मिळत. त्यानंतर तीन दिवस थांबायचे.

या तेरा मिनिटांत काय होते, ते पाहू. यानाच्या वाटेत आलेले अणू आणि रेणू उपकरणाच्या तोंडातून आत शिरतात. तिथे त्यांच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो. रेणूतला एखादा इलेक्ट्रॉन उडतो आणि रेणू विद्युत्भारित होतो. मग त्याला चार समांतर दांड्यांच्या मधून जावे लागते. दांड्यांना दिलेला विद्युत्दाब एका ठरावीक लयीत बदलत असतो; त्या लयीला जुळणाऱ्या वस्तुमानाचा कण सरळ पार होतो, बाकीचे डगमगत दांड्यांवर आदळून बाद होतात. लय बदलत नेली की एकेका वजनाचे कण पाळीपाळीने पलीकडे पोहोचतात आणि मोजले जातात. मेन्का १ ते ३०० अणुभारांपर्यंतचे कण वेगळे करू शकत असे. धान्य चाळताना जशा वेगवेगळ्या भोकांच्या चाळण्या बदलाव्यात, तसे हे काम. फरक एवढाच, की इथे चाळणी एकच आणि तिची भोके विजेने बदलतात.

कागदावर सोपे वाटणारे हे काम प्रत्यक्षात दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे यान स्वतःच अस्वच्छ असते. पृथ्वीवरून निघताना त्याच्या आवरणांत, तारांत, रंगांत अडकलेली पाण्याची वाफ आणि इतर वायू महिनोन्महिने बाहेर झिरपत राहतात. मंगळाची हवा इतकी विरळ, की यानाचा स्वतःचा ‘घाम’ तिच्यात मिसळून फसवू शकतो. म्हणून यान मंगळापासून दूर असताना घेतलेली नोंद पार्श्वभूमी म्हणून वजा करावी लागते. दुसरी अडचण वजनांची. नायट्रोजनचा रेणू २८ वजनाचा आणि कार्बन मोनॉक्साइडही २८ चाच. शिवाय इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने कार्बन डायऑक्साइड फुटतो आणि त्याचे तुकडे पुन्हा २८ आणि १६ वरच दिसतात; १६ म्हणजे तर ऑक्सिजनच्या अणूचे वजन. कोणता १६ मूळचा आणि कोणता उपकरणात फुटून झालेला, हा हिशेब जमिनीवर आधी केलेल्या चाचण्यांवरून सोडवायचा असतो.

काय सापडले

डिसेंबर २०१४ च्या चार फेऱ्यांतील नोंदींवरचा शोधनिबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मेन्काचे प्रमुख वैज्ञानिक अनिल भारद्वाज आणि त्यांचे सहकारी त्याचे लेखक आहेत. नोंदी मंगळावरच्या संध्याकाळच्या, सूर्य मावळण्याच्या सुमाराच्या भागातल्या होत्या, आणि मंगळ तेव्हा आपल्या कक्षेत सूर्याच्या जवळ होता. तीन वजने स्पष्ट दिसली : ४४ म्हणजे कार्बन डायऑक्साइड, २८ म्हणजे नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड मिळून, आणि १६ म्हणजे ऑक्सिजन.

मंगळाच्या जमिनीलगत ९५ टक्के हवा कार्बन डायऑक्साइडची असते. वर जाताना हे प्रमाण टिकत नाही. खाली वारे आणि खळबळ सगळे वायू ढवळून एकजीव ठेवतात. वर ढवळणारे कोणी नसते आणि प्रत्येक वायू आपापल्या वजनाप्रमाणे वेगळा होतो. जड वायू खाली राहतो, हलका वर पसरतो. मेन्काच्या नोंदींत २७० किलोमीटरच्या आसपास ही अदलाबदल पकडली गेली. त्याखाली कार्बन डायऑक्साइड जास्त, त्यावर ऑक्सिजन जास्त.

उंचीबरोबर वायू किती झपाट्याने कमी होतो, यावरून तापमान काढता येते. उष्ण वायू फुगलेला असतो आणि हळूहळू विरळ होतो. थंड वायू झटकन संपतो. मेन्काच्या नोंदींवरून तिथले तापमान सुमारे २७१ केल्विन निघाले, म्हणजे शून्याखाली २ अंश सेल्सियस. या तापमानाला त्या उंचीवर कार्बन डायऑक्साइड दर १६ किलोमीटरला साधारण एक तृतीयांश उरतो. ऑक्सिजनला तेवढे उतरायला ४४ किलोमीटर लागतात. यावरून २६२ किलोमीटरपर्यंत खाली उतरणे का महत्त्वाचे होते ते कळते. २६२ वरून ५०० किलोमीटरपर्यंत जाताना कार्बन डायऑक्साइड वीस-तीस लाख पटींनी घटतो. कक्षा ४२१ वरच राहिली असती, तर ही मोजणी जवळजवळ झालीच नसती.

तापमान हा शब्द इथे थोडा फसवा आहे. त्या थरात हात बाहेर काढला तर गार किंवा गरम काहीच लागणार नाही, कारण हाताला भिडायला पुरेसे कणच नाहीत. आकडा कणांच्या वेगाबद्दल बोलतो, आणि निसटण्याच्या हिशेबाला नेमका तोच लागतो.

२०१७ मध्ये त्याच काळातल्या नोंदींवरून दुसरा निष्कर्ष आला, आर्गॉनबद्दल. आर्गॉन कशाशी संयोग पावत नाही, म्हणून त्याचे वागणे निव्वळ वजन आणि तापमान यांनी ठरायला हवे. पण बाह्यांबराच्या वरच्या भागात तो अपेक्षेपेक्षा जास्त सापडला. काही आर्गॉन अणूंना कुठून तरी जादा ऊर्जा मिळत होती. सौर वाऱ्याने पळवलेले विद्युत्भारित कण परत वातावरणावर आदळतात आणि तिथल्या अणूंना उडवतात. कॅरमच्या स्ट्रायकरने सोंगटी उडावी तसे. आर्गॉनसारख्या जड अणूला उचलणारी ही क्रिया इतर वायूंनाही उचलत असणार.

मंगळावर २०१८ च्या जूनमध्ये ग्रहभर पसरलेले धुळीचे वादळ उठले. याच वादळात सूर्यप्रकाश न मिळाल्याने अमेरिकेची ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही गाडी कायमची बंद पडली. धुळीने खालची हवा तापली, फुगली आणि तिने वरचे थर उचलून धरले. मेन्का आणि अमेरिकी यान ‘मेव्हन’ या दोघांच्याही नोंदींत त्या काळात वरच्या वातावरणाची घनता वाढलेली आढळली. जमिनीवरची धूळ साधारण दोनशे किलोमीटर वरच्या दारावर परिणाम करते, हे त्यातून दिसले.

मेव्हनच्या शेजारी

मेन्काचे मोल ठरवताना मेव्हनला बाजूला ठेवता येत नाही. ते यान मंगळयानाच्या दोनच दिवस आधी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्याची फेरी सुरुवातीला साडेचार तासांची होती, प्रत्येक फेरीत ते १५० किलोमीटरच्या आसपास उतरे, आणि त्याची सगळी उपकरणे याच एका प्रश्नासाठी नेली होती. साहजिकच मोठे निष्कर्ष त्याच्याकडून आले : आज मंगळावरून सेकंदाला दोन-तीन किलो वायू निसटतो, आणि मंगळाच्या हवेत एकेकाळी असलेल्या आर्गॉनपैकी सुमारे दोन तृतीयांश अवकाशात गेला आहे. मेन्काने मेव्हनशी बरोबरी केली, असे काही ठिकाणी लिहिले गेले. ते खरे नाही आणि तसे असण्याची गरजही नाही. १९७६ मध्ये दोन व्हायकिंग याने उतरताना त्यांनी मंगळाच्या वरच्या हवेचे वायू मोजले, त्यानंतर ३८ वर्षे तिथे असे उपकरण गेलेच नव्हते. मग एकाच वर्षी दोन गेली, वेगळ्या कक्षांतून, वेगळ्या वेळी तोच थर ओलांडणारी. इतक्या विरळ आणि दर ऋतूत बदलणाऱ्या थरात दुसऱ्या उपकरणाची स्वतंत्र नोंद पहिल्याची पडताळणी करते.

मंगळयानाच्या पाचांपैकी सगळीच उपकरणे इतकी उपयोगी पडली नाहीत. मिथेन शोधणाऱ्या संवेदकाकडून मिथेनबद्दल निष्कर्ष निघू शकला नाही. त्याच्या नोंदी पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करतो हे पाहण्यासाठी वापरल्या गेल्या.

अलिबागची सुई

मंगळाची हवा गेली, पृथ्वीची का राहिली? या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर चुंबकीय कवच हे आहे. पृथ्वीच्या कवचाची नाडी पालीच्याच जिल्ह्यात मोजली जाते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मापने बिघडण्याची भीती होती. त्यामुळे १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवले गेले आणि आजही तिथे चालू आहे. सूर्याकडून जोरदार झोत आला की अलिबागच्या नोंदीतली रेघ खाली घसरते. सप्टेंबर १८५९ च्या प्रसिद्ध सौर वादळात कुलाब्याला अशी सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली गेली होती. जगभरचे संशोधक त्या वादळाची तीव्रता ठरवताना आजही ती नोंद काढून पाहतात.

मंगळाचे ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी विझले. आता फक्त काही जुन्या खडकांत त्याचे अवशेष आहेत. सौर वारा तिथे थेट वरच्या हवेपर्यंत पोहोचतो. मात्र ‘कवच गेले म्हणून हवा गेली’ हे वाक्य जितक्या सहज सांगितले जाते तितके सरळ नाही. शुक्रालाही असे चुंबकीय कवच नाही आणि त्याची हवा पृथ्वीच्या नव्वदपट दाबाची आहे. मंगळाच्या बाबतीत त्याचे कमी वस्तुमानही तितकेच महत्त्वाचे. ऑक्सिजनचे फुटलेले अणू तिथून सुटतात, कारण मंगळाचा मुक्तिवेग ५ किलोमीटर आहे. पृथ्वीवर त्याच वेगाचे अणू परत खाली पडतात.

सहा महिन्यांसाठी बनवलेले मंगळयान जवळजवळ आठ वर्षे चालले. एप्रिल २०२२ मध्ये यान मंगळाच्या सावलीत नेहमीपेक्षा जास्त वेळ सापडले आणि त्यानंतर त्याचा संपर्क तुटला. ऑक्टोबर २०२२ मध्ये इस्रोने ते परत मिळणार नाही असे जाहीर केले. मेन्काच्या नोंदी बंगळूरुजवळच्या ब्यालालू येथील भारतीय अवकाश विज्ञान माहिती केंद्रात ठेवलेल्या आहेत आणि नाव नोंदवून त्या कोणालाही उतरवून घेता येतात.